आरएस भारीच, पण माझं मत टी-जेटला

मामाच्या गाडीला या नोव्हेंबरात १५ वर्षं पूर्ण होतायत. केक-बिक काही नाही. उलट गेले दहा दिवस घरात एकच विषय चाललाय: रिपासिंग करायचं की भंगारात काढायची? मामी म्हणते, काढा. आजी म्हणते, लक्ष्मी आहे, राहू दे. मामा काहीच म्हणत नाही, फक्त रोज सकाळी ओल्या फडक्यानं बॉनेट पुसतो.

गाडी म्हणजे फियाट लिनिया टी-जेट, २०१० ची. तुमच्यापैकी अर्ध्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं असेल, आणि उरलेल्यांना वाटेल की ती ‘ॲव्हरेज न देणारी इटालियन गाडी’. मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत तेच म्हणायचे. मास कॉमला असताना माझ्या मोबाइलच्या वॉलपेपरवर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस होती. २००४ ची, पहिली. दारात टर्बो उभी असताना मी दुसऱ्याच टर्बोवर फिदा. घर की मुर्गी, दुसरं काय.

मग मागच्या महिन्यात एका रविवारी या दोन्ही गाड्या माणगावातच एका अंगणात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. निजामपूर रोडला एक गॅरेज आहे, मामा तिथल्या चाचांशिवाय दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देत नाही. आम्ही ब्रेकपॅड बघायला गेलो होतो. तेवढ्यात काळी आरएस रडतखडत आत आली. पुण्याचे एक काका ताम्हिणी उतरून दिवेआगरला निघाले होते, आणि विळ्याच्या पुढे गाडीनं एकदम दम सोडला. पेडल दाबलं की नुसता फुस्स आवाज. चाचांनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, टर्बोकडून येणारा रबरी होज फाटलाय, हवा बाहेर जातेय. काकांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं होतं टर्बोच गेला.

दुरुस्तीला दोन तास लागले. त्या दोन तासांवर हा लेख आहे.

आधी टर्बो म्हणजे काय ते पटकन सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत तो एका छोट्या पंख्यावर सोडतात. तो पंखा फिरला की त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. लहान इंजिन मोठ्यासारखं वागतं. आज नेक्सॉनसारख्या कितीतरी गाड्यांत हे असतं, त्यामुळे आपल्याला काही वाटत नाही. पण २००४ मध्ये भारतात पेट्रोल गाडीला टर्बो म्हणजे अजूबाच होता. इथे रीतसर विकायला आलेली पहिली टर्बो पेट्रोल गाडी म्हणून आरएसचंच नाव घेतात. इंजिन १.८ लिटरचं, एका सिलिंडरला पाच अशा एकूण २० व्हॉल्व्हचं, ताकद १५० पीएस. किंमत पंधरा लाखांच्या घरात. तेव्हाचे पंधरा लाख, बरं का.

टी-जेट आली सहा वर्षांनी. इंजिन १.४ लिटरचं, ताकद ११४ पीएस, किंमत नऊ लाखांच्या आसपास.

कागदावर सामना एकतर्फी वाटतो, १५० विरुद्ध ११४. कट्ट्यावर कुणीही इथेच निकाल देऊन मोकळा होईल. पण त्या दिवशी चाचांच्या स्टुलावर बसून मी मोबाइलवर एक साधा भागाकार केला. आरएसचं इंजिन १७८१ सीसीचं, म्हणजे लिटरमागे ८४ पीएस. टी-जेटचं १३६८ सीसीचं, लिटरमागे ८३. जवळपास सारखंच! आणि टॉर्क, म्हणजे चाकं ओढण्याची ताकद, जी घाटात खरी कामाला येते, ती आरएसची २१० न्यूटन-मीटर आणि टी-जेटची २०७. तीनचा फरक. पावणेचौदाशे सीसीचं इंजिन अठराशेच्या खांद्याला खांदा लावून ओढतं, आणि तेही साठ टक्के किमतीत. मामाकडे बघितलं तर तो शांतपणे चहा पीत होता. त्याला हे १५ वर्षांपासून माहीत होतं.

आता चालवण्याचं. होज बसवल्यावर काकांनी मोठ्या मनानं किल्ली मामाच्या हातात दिली. मी बाजूला बसले. (‘मुलींना गाड्यांचं काय कळतं’ हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण माणूस दिलदार होता, माफ.) निजामपूरपर्यंत गेलो आणि आलो. आरएस कशी आहे सांगू? घरातल्या मोठ्या दादासारखी. ओरडत नाही, घाई करत नाही. साडेसतराशे आरपीएमपासूनच सगळा टॉर्क हजर असतो, त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये टाकून विसरून जायचं. दार बंद केलं की तिजोरीसारखा ठप्प आवाज येतो. २१ वर्षांच्या गाडीत एक प्लॅस्टिक खडखडत नव्हतं, आणि हे आमच्या रस्त्यांवर, जिथे नवीन गाडीही महिन्याभरात वाजायला लागते.

टी-जेट एकदम उलट. दोन हजार आरपीएमच्या खाली ती झोपलेली असते. माणगावच्या बाजारपेठेत, शनिवारी मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत तिला चालवणं म्हणजे शिक्षा. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय आणि बायपास अजून पुरा व्हायचाय, त्यामुळे ही शिक्षा आम्ही जन्मापासून भोगतोय म्हटलं तरी चालेल. क्लच जड, स्टिअरिंग जड. पण एकदा का विळ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि काटा २२०० च्या पुढे सरकला, की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी निघते. आणि ते जड स्टिअरिंग वळणावर हातात रस्ता आणून देतं. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, थांबतेही तशीच. आरएस तुम्हाला नेते. टी-जेट तुमच्याकडून चालवून घेते. ताम्हिणीत रेस लावा असं मी म्हणत नाहीये. त्या घाटातले अपघात आमच्या तालुक्याला नवे नाहीत. चाळीसच्या वेगातही हा फरक कळतो.

मग यातली कुठली ‘चेक’ आणि कुठली ‘इटालियन’? इथे गंमत आहे. स्कोडा म्लादा बोलेस्लावची, पण १९९१ पासून फोक्सवॅगनच्या छत्राखाली, त्यामुळे आरएसचं इंजिन ऑडी-फोक्सवॅगनच्या घरचं. लिनियाचा बिल्ला तोरिनोचा, पण ती पहिल्यांदा दाखवली इस्तंबूलला आणि बनायला लागली तुर्कस्तानात बुर्साला. आणि आपल्या या दोन गाड्या? आरएसची जुळणी झाली संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. टी-जेट बनली रांजणगावला, अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावात. म्हणजे परदेशी म्हणून आपण ज्यांच्यावर भांडतोय त्या दोघींची नाळ महाराष्ट्रातच पुरलीय. आमच्या तालुक्यातल्या विळे-भागाडच्या कोरियन कारखान्यात आज गाड्यांसाठी लागणारा पत्रा तयार होतो. तिथे कामाला जाणारे माझे दोन वर्गमित्र आहेत. गाडीचा देश कुठला, हे त्यांना विचारा, हसतील.

तरीही बिल्ल्याचं वजन असतंच, ते मी नाकारत नाही. आरएस हे ‘रॅली स्पोर्ट’चं छोटं रूप. १९७४ पासून स्कोडानं ही अक्षरं आपल्या रॅलीच्या गाड्यांना लावली, आणि १३० आरएसनं १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात पहिला नंबर काढला. त्या काळच्या चेकोस्लोव्हाकियात, सरकारी कारखान्यातून निघालेली मागे इंजिन असलेली गाडी! हा वारसा ऑक्टाव्हियाला २००० मध्ये मिळाला. आणि मग भारतात २००४. फक्त एक गोष्ट काकांना मी सांगितली नाही, उगाच कशाला मन मोडा: युरोपात त्याच आरएसला १८० पीएस होते. आपल्याला १५० वाल्या इंजिनावर तीच अक्षरं मिळाली. (आणि ती काटेकोरपणे सेडानही नाही, मागची काच डिकीच्या झाकणासकट वर उघडते. पण यावर मी कुणाशी भांडणार नाही, दिसते तरी सेडानच.)

फियाटचं नातं मात्र वेगळं. ते मुंबईच्या आठवणींतलं आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याला फियाट ११०० बनवली, सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, आणि काळ्या-पिवळ्या रंगात तिनं अख्ख्या शहराला वाहिलं. माझे आजोबा गिरणी सुटल्यावर परळहून गावाला कायमचे आले, तेही अशाच एका टॅक्सीत, टपावर ट्रंका बांधून. ‘फियाट’ हा शब्द आजीच्या तोंडी अजून ‘गाडी’ या अर्थानं येतो. मामानं २०१० मध्ये लिनिया घेतली त्यामागे टर्बो किती आणि आजोबांची टॅक्सी किती, हे त्याला पण सांगता येणार नाही.

आणि घेतली कधी, तर अगदी चुकीच्या वेळी. २०१० च्या जूनमध्ये सरकारनं पेट्रोलचे दर बाजारावर सोडले, डिझेलवरचं नियंत्रण तसंच ठेवलं. दोन्हींतला फरक वाढत गेला आणि जो तो डिझेलच्या मागे धावला. गंमत म्हणजे त्या डिझेल लाटेतलं सगळ्यांत लाडकं इंजिन, १.३ मल्टीजेट, फियाटचंच. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच. स्वतःच्या डिझेलनं स्वतःच्याच पेट्रोल टर्बोला मारलं म्हणा ना. टी-जेट फार कुणी घेतली नाही. २०१६ मध्ये तिला १२५ पीएस देऊन एक शेवटचा प्रयत्न झाला. तोवर गिऱ्हाईक पांगलं होतं. २०१९ मध्ये फियाट भारतातून गेलीच.

आता मुद्द्यावर येते. ‘कलेक्टिबल’ म्हणजे जपून ठेवण्यासारखी गाडी. मग जपायची कुठली?

सगळे म्हणतील आरएस, आणि बाजारही तेच म्हणतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली. फक्त १०० गाड्या, पन्नास लाखांच्या बोलीत, बाहेरून तयार आयात केलेल्या. बुकिंग उघडलं आणि २० मिनिटांत सगळ्या संपल्या. त्याआधी २०२० मध्ये २४५ पीएसवाल्या २०० आल्या होत्या, त्याही सगळ्या विकल्या गेल्या. म्हणजे या नावाला वाली आहेत. ज्यांनी नवी घेतली, त्यांच्यापैकी कुणीतरी जुनी २००४ वाली शोधतोय, ठेवायला म्हणून. पुण्याच्या त्या काकांना मी विचारलं, विकणार का? ते नुसते हसले. मामाला मात्र भंगारवाल्यानं जो आकडा सांगितला तो मी इथे लिहिणार नाही. मामीच्या नव्या स्कूटरचं डाउन पेमेंट होईल एवढाच आहे.

म्हणूनच माझं मत टी-जेटला. आरएस टिकणार आहे. तिच्यामागे पैसा आहे, नाव आहे, कंपनी अजून देशात आहे. टी-जेटच्या मागे कोण आहे? काही व्हॉट्सॲप ग्रुप, पुंटो मोडून पार्ट विकणारे दोन-चार लोक आणि चाचांसारखे मिस्त्री. आरएसनं टर्बो श्रीमंतांना दाखवला. टी-जेटनं तो शिक्षकाच्या पगारात आणला (मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे). आज तुम्ही-आम्ही जी छोटी टर्बो पेट्रोल गाडी हप्त्यावर घ्यायची स्वप्नं बघतो, ती रीत टी-जेटनं बाजार तयार नसताना दाखवली होती. तिचं कौतुक व्हायच्या आत ती वितळवली जातेय, याचं मला वाईट वाटतं. साधं, स्पष्ट वाईट वाटतं.

आणि नियमही अशा गाड्यांच्या बाजूनं नाहीत. २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळायला गाडी ५० वर्षांची असावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी संपते १५ व्या वर्षी. मधली ३५ वर्षं ती फक्त ‘जुनी’. १५ वर्षांनंतर चारचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आधी ६०० होती. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांपुढच्या गाडीला १०,०००. वर पर्यावरण कर, उशीर झाला तर महिन्यागणिक दंड, आणि पासिंगला उभी करण्याआधी टायरपासून रंगापर्यंत करावा लागणारा खर्च. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २००४ आणि २०१० च्या गाड्यांचे पाइप नि सील त्या हिशेबानं बनलेले नाहीत. चाचा तर त्या फाटलेल्या होजपेक्षा पेट्रोलच्या नळ्यांकडेच जास्त वेळ बघत होते.

मला मान्य आहे, जुन्या गाड्या धूर ओकतात, आणि फिटनेस नसलेली गाडी रस्त्यावर नको. लोणेऱ्याच्या विद्यापीठात इंजिनीअरिंग करणारी माझी मैत्रीण म्हणते, भावनेवर धोरण ठरत नाही. बरोबर आहे तिचं. पण जर्मनीत ३० वर्षांच्या, मूळ अवस्थेत जपलेल्या गाडीला नंबरप्लेटवर वेगळं ‘एच’ अक्षर मिळतं, कर कमी लागतो. इटलीत तर २० वर्षांपासूनच ऐतिहासिक म्हणून प्रमाणपत्र मिळू शकतं. म्हणजे काकांची आरएस तिथे असती तर एव्हाना अर्ज करू शकली असती. आपल्याकडे २५ किंवा ३० वर्षांचा एक टप्पा ठेवा, तपासणी आत्तापेक्षा कडक करा, वर्षाला किती किलोमीटर चालवायची यावर मर्यादा घाला. कोण नाही म्हणतंय? जो खरंच जपतो तो हे सगळं आनंदानं करेल. आणि जो जपत नाही, त्याची गाडी आपोआप गळेल.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. वर्गातल्या प्रत्येकानं स्टोरी टाकली, मीही टाकली, रडणाऱ्या इमोजीसकट. त्यातल्या एकानंही, माझ्यासकट, कधी पद्मिनीच्या टॅक्सीवाल्याला मुद्दाम थांबवून प्रवास केला नव्हता. ओला स्वस्त पडायची.

त्या रविवारी संध्याकाळी काका दिवेआगरकडे निघाले. निघताना त्यांनी मामाच्या गाडीला एक चक्कर मारली, मागच्या झाकणावरच्या टी-जेट अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “सर, ही विकू नका हो.” मामा म्हणाला, “बघू.” मग आम्ही घरी आलो. दारात गाडी थांबवली तरी मामानं इंजिन चालूच ठेवलं. हे तो १५ वर्षं करतोय. तापलेला टर्बो एकदम बंद केला की तिथलं तेल जळतं, म्हणून एक मिनिट तसंच बसायचं. मामी आतून ओरडते, “अहो, पेट्रोल काय फुकट येतंय का?” तो काही बोलत नाही, मिनिट मोजतो.

परवा रात्री त्यानं जुन्या फाइलमधून आरसी बुक काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. “ऑनलाइन काय ते तूच भर,” म्हणाला. मी फॉर्म भरला, फी भरली. पेणच्या आरटीओची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीय. मामानं शाळेत रजा टाकलीय आणि मामी डबा देणार आहे, म्हणजे तिचा विरोध मावळला असं समजायला हरकत नाही. दोन टायर बदलून झाले, पीयूसी झाली. मागच्या डाव्या ब्रेकलाइटचा बल्ब तेवढा राहिलाय, तो चाचा शनिवारी बसवून देतो म्हणालेत.